निवड पालकांची की शाळेची?

२०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या गरीब पालकांनी एका सरकारी निर्णयावर आपलं मत सांगून टाकलं, तेही मोर्चा न काढता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. त्या मुलांची फी सरकार भरतं. २०२३ मध्ये राज्यात अशा जागा होत्या लाखभर आणि अर्ज आले साडेतीन लाखांवर. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या जागांतून सूट मिळाली. प्रवेशाच्या पोर्टलवर मग जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकांच्या आणि अनुदानित शाळा दिसू लागल्या आणि जागा एका झटक्यात नऊ लाखांच्या घरात गेल्या. अर्ज मात्र सत्तर हजारांनाही टेकले नाहीत. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने प्रक्रिया पुन्हा सुरू झाली आणि काही आठवड्यांत लाखभर जागांसाठी सुमारे अडीच लाख अर्ज दाखल झाले. १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला.

जागा नऊपट झाल्या तेव्हा अर्ज पाचव्या हिश्शावर आले. गल्लीतल्या झेडपीच्या शाळेत मूल घालायला ऑनलाइन अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला कशाला लागतो, हे पालकांना सरकारपेक्षा बरं कळत होतं. त्यांना काय हवंय, यावर आणखी सर्वेक्षणाची गरज नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पालकांना हवी ती शाळा मिळाली की मूल जास्त शिकतं का? आणि ज्यांना ती मिळत नाही, त्यांचं काय होतं? जगभरात या प्रश्नावर चाळीसेक वर्षांचा अनुभव जमा झाला आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या शेजारच्या राज्यातला आहे.

कल्पना जुनी आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडलं की शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, पण शाळा सरकारनेच चालवाव्यात असं नाही. पैसे पालकांच्या हाती व्हाउचरच्या रूपात द्यावेत, पालक चांगली शाळा निवडतील, वाईट शाळा ओस पडतील आणि ओस पडायच्या भीतीने सुधारतील. विरोधकांचं म्हणणंही तेवढंच सरळ आहे. शाळा म्हणजे किराणा दुकान नव्हे. दुकानदार गिऱ्हाईक निवडत नाही, शाळा मात्र मुलं निवडते. हुशार आणि सुस्थितीतली मुलं वेचून घेतली की शिकवण्यात काडीचाही फरक न करता निकाल उंचावतो.

म्हणूनच खासगी आणि सरकारी शाळांच्या निकालांची नुसती तुलना काही सांगत नाही. जे आईवडील पोटाला चिमटा घेऊन फी भरतात, ते घरी अभ्यासही घेतात आणि शिकवणीही लावतात. त्यांचं मूल कुठेही थोडं पुढेच राहिलं असतं. अभ्यासकांच्या मदतीला आली ती सोडत. जागा कमी आणि अर्ज जास्त असले की चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही, अशा दोन्ही घरांतली ओढ सारखीच असते. फरक फक्त नशिबाचा. काही वर्षांनी दोन्ही गटांची परीक्षा घ्या, जो फरक दिसेल तो शाळेचा. या लेखातले बहुतेक दाखले अशा सोडतींतून आलेले आहेत.

एक अपवाद चिलीचा. तिथे सोडत नव्हती, सगळा देशच प्रयोगात होता. पिनोचेच्या लष्करी राजवटीत, १९८१ मध्ये, चिलीने जवळजवळ फ्रीडमनच्या पुस्तकातली योजना उचलली. मूल सरकारी शाळेत जावो की खासगी, शाळेला दर मुलामागे सारखंच अनुदान. हजाराहून जास्त नव्या खासगी शाळा उघडल्या आणि खासगी शाळांमधल्या मुलांचं प्रमाण काही वर्षांतच दुप्पट होऊन चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं. चँग-ताइ श्ये आणि मिगेल उर्कियोला या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: ज्या भागांत खासगी शाळा जास्त वेगाने वाढल्या, तिथे मुलांचे सरासरी गुण जास्त वाढले का? नाही. बदललं ते एवढंच की सरकारी शाळांतली बऱ्यापैकी घरची मुलं बाहेर पडली आणि मागे उरलेल्यांचे गुण आणखी खाली दिसू लागले. शाळा सुधारण्याऐवजी मुलं चाळली गेली. त्याच वर्षी चिलीच्या शालेय विद्यार्थ्यांनी देशभर संप केला. त्यांच्या गणवेशावरून त्याला ‘पेंग्विनांची क्रांती’ असं नाव पडलं. मग २००८ पासून गरीब मुलामागे शाळेला जास्त अनुदान देणं सुरू झालं. २०१५ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या शाळांना मुलं निवडायला, पालकांकडून वरची फी घ्यायला आणि नफा कमवायला बंदी करण्याचा मार्ग धरला. व्हाउचर राहिलं. शाळेच्या हातातली चाळणी काढून घेतली गेली, आणि ते करायला चिलीला तीन दशकांहून जास्त काळ लागला.

आता शेजारच्या राज्यातली गोष्ट. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत प्रयोग केला. रचना हुशारीची होती. सोडत दोनदा झाली. आधी कोणत्या गावांत व्हाउचर द्यायचं याची, मग त्या गावांत अर्ज केलेल्यांपैकी कोणत्या मुलांना द्यायचं याची. पहिल्या सोडतीमुळे आणखी एक गोष्ट मोजता आली: काही मुलं खासगी शाळेत गेल्यावर सरकारी शाळेत मागे राहिलेल्यांचं काय होतं आणि खासगी शाळेत आधीपासून असलेल्यांचं काय होतं.

चार वर्षांनी निकाल आला. व्हाउचर मिळालेल्या मुलांचे तेलुगू आणि गणिताचे गुण न मिळालेल्यांइतकेच होते. तिळमात्र पुढे नाही आणि मागेही नाही. मागे राहिलेल्यांचं नुकसान झालं नाही, आधीच्यांचंही नाही. खासगी शाळांच्या विरोधात वाद घालणाऱ्यांना वाटेल की प्रकरण इथे मिटलं. पण अभ्यासकांनी वेळापत्रकं पाहिली, तिथे खरी मजा आहे. खासगी शाळा तेलुगू आणि गणिताला सरकारी शाळांपेक्षा कमी वेळ देत होत्या. उरलेला वेळ इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र आणि हिंदीला जात होता. म्हणजे कमी तासांत त्या तेवढंच तेलुगू-गणित शिकवत होत्या आणि वर हिंदीही. हिंदीत व्हाउचरवाली मुलं स्पष्टपणे पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत तो विषय जवळजवळ शिकवलाच जात नव्हता. शिक्षकांकडे पाहावं तर खासगी शाळांतले शिक्षक कमी शिकलेले आणि कमी प्रशिक्षित, पगार सरकारी शिक्षकाच्या सहाव्या हिश्शाएवढा. गैरहजेरी मात्र कमी, शाळेचा दिवस मोठा, आवार आणि स्वच्छतागृहं बरी. दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

याचा अर्थ कसा लावायचा, यावर दोन्ही बाजू आजही एकच शोधनिबंध हातात घेऊन भांडतात. हिशेबनीस म्हणेल, तिसऱ्या हिश्शाहून कमी खर्चात तेवढंच शिक्षण, शिवाय हिंदी मोफत. आई म्हणेल, मी पोराला चांगलं शिकायला म्हणून तिकडे घातलं होतं, तेवढंच शिकायचं तर गावातली शाळा काय वाईट होती? दोघंही बरोबर आहेत. मला मात्र त्या सहाव्या हिश्शाच्या पगाराची आकडेवारी वाचून खासगी शाळेचं कौतुक करणं जड जातं. पदवीधर मुलींना शेतमजुरीच्या आसपासच्या पगारावर राबवून जी बचत होते, तिला कार्यक्षमता म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. त्याच निबंधात आणखी एक कौल आहे, तितका पक्का नसला तरी विचारात घेण्याजोगा. तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेली मुलं सरस ठरत होती, आणि तेलुगूतून एकदम इंग्रजी माध्यमात टाकलेली मुलं इतर विषयांत मागे पडत होती. मराठी पालकांसाठी हे वाक्य घराच्या दारावर लावावं असं आहे. पण लावून उपयोग होणार नाही, ते का, हे पुढे येईलच.

अमेरिकेत पुरावा डोंगराएवढा आहे आणि तो दोन दिशांना जातो. मिलवॉकी शहरात १९९० मध्ये गरीब मुलांसाठी व्हाउचर सुरू झालं. सुरुवातीच्या अभ्यासात गणितात थोडा फायदा दिसला, वाचनात नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये सोडत जिंकलेल्यांचे गुण फारसे वाढले नाहीत, पण शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांवरून ब्याऐंशी टक्क्यांवर गेलं. लुईझियानात मात्र उलटंच घडलं. व्हाउचर घेऊन खासगी शाळेत गेलेली मुलं पहिल्याच वर्षी गणितात इतकी घसरली की शंभर मुलांत मधोमध असणारं मूल साधारण पंधरा जागा मागे जावं. अभ्यासकांनी कारण शोधलं तेव्हा दिसलं की योजनेत आलेल्या बऱ्याच खासगी शाळा आधीपासूनच पट गमावत होत्या. चांगल्या शाळांना सरकारी मुलं आणि सरकारी नियम दोन्ही नको होते. रिकाम्या बाकांवर सरकारी पैसा बसवायला उत्सुक होत्या त्या पडत्या शाळा.

बॉस्टनमध्ये याच्या अगदी उलट. तिथल्या चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाने चालवलेल्या. फी नाही, प्रवेश सोडतीने. सोडत जिंकलेली गरीब, बहुतांश काळी आणि लॅटिनो मुलं गणितात एकेका वर्षात एवढी पुढे गेली की संशोधकांनाही तपासून पाहावं लागलं. या शाळा दिवसाला जास्त तास शिकवतात, मागे पडलेल्या मुलाला स्वतंत्र शिकवणी देतात, शिस्त कडक ठेवतात आणि शिक्षकाच्या तासाला वारंवार निरीक्षक बसतो. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात शहरांबाहेरच्या, मध्यमवर्गीय वस्त्यांतल्या चार्टर शाळांनी मुलांना काहीच वाढवून दिलं नाही; काही ठिकाणी घटच झाली. कायदा तोच, निवडीचा हक्कही तोच. फरक वर्गात काय चालतं याचा होता.

न्यू ऑर्लिन्सचा दाखला नेहमी दिला जातो. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर त्या शहरातल्या जवळजवळ सगळ्या सरकारी शाळा टप्प्याटप्प्याने चार्टर झाल्या. मुलांचे गुण खरोखर भरपूर वाढले. निवडीचे समर्थक इथे थांबतात. पण तिथे दर मुलामागचा खर्चही वाढवला गेला आणि निकाल न देणाऱ्या शाळेचा परवाना काढून तो दुसऱ्या संस्थेला देण्याचं काम सरकारने सातत्याने केलं. वाईट शाळा पालक सोडून गेल्यामुळे बंद पडली नाही, सरकारने बंद केली.

कोलंबियाचा १९९१ ते १९९७ चा प्रयोगही याच जातीचा. सव्वा लाख गरीब मुलांना खासगी माध्यमिक शाळेसाठी व्हाउचर मिळालं, बऱ्याच शहरांत सोडतीने. जिंकलेल्या मुलांनी आठवी पूर्ण करण्याची शक्यता सुमारे दहा टक्केबिंदूंनी जास्त निघाली आणि पुढे दहावी-बारावीच्या पातळीचं शिक्षण पूर्ण करण्यातही ती पुढे राहिली. एक अट मात्र होती. मूल नापास झालं की व्हाउचर बंद. अभ्यासाचं श्रेय शाळेला किती आणि त्या अटीला किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

स्वीडनबद्दल थोडक्यात. १९९२ पासून तिथे नफा कमावणाऱ्या कंपन्याही सरकारी पैशावर शाळा चालवू शकतात. सरासरी गुणांत किरकोळ वाढ दिसली, वस्त्यांप्रमाणे मुलांची विभागणी मात्र वाढली. २०१३ मध्ये एक मोठी शाळा-कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे दहा हजार विद्यार्थी अधांतरी राहिले. आपल्याकडे शाळा सहसा दिवाळखोरीत जात नाहीत. संस्थाचालकांचे इतर धंदे सशक्त असतात.

एवढं सगळं पाहिल्यावर मूळ कोडं उरतंच. पालक निवडतात, पैसा त्यांच्यामागे जातो, तरी चांगलं शिकवणारी शाळा जिंकतेच असं का नाही? उत्तराचा सर्वांत भक्कम तुकडा न्यूयॉर्कमधून आला. तिथे आठवीनंतर मुलं पसंतीच्या बारा शाळांची क्रमवार यादी देतात, आपल्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशासारखीच. अशा हजारो याद्या आणि त्या मुलांचे पुढचे गुण जोडून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की पालक पसंती देतात ती जिथे हुशार मुलं जातात त्या शाळेला. तीच मुलं दुसऱ्या शाळेत जिथे असती त्यापेक्षा किती पुढे नेली, हे ज्या शाळेचं खरं कर्तृत्व, त्याला यादीत वेगळं वजन नसतं. न्यू ऑर्लिन्सच्या पालकांनी घरापासूनचं अंतर, खेळाचा संघ आणि बँड पाहिला. पालक मूर्ख नाहीत. शाळेने किती भर घातली हे बाहेरून दिसतच नाही; दिसतं ते कोणाची मुलं तिथे जातात. शाळांनाही ते कळतं. मग शाळा शिकवण्यावर खर्च करण्याऐवजी ‘चांगल्या घरची’ मुलं खेचण्यावर करते. आपल्याकडे शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ येतं, गेटवर कमान येते, मुलाखत मुलाच्या ऐवजी आईवडिलांची होते.

इंग्रजीचंही तसंच. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणलं, पुढे सेमी इंग्रजीचे वर्ग आले, तरी पालकांचा ओढा पूर्ण इंग्रजी माध्यमाकडेच वाढत गेला. आंध्रातल्या प्रयोगाने इशारा दिला तो या निवडीबद्दल. पण आई जेव्हा मुलीला इंग्रजी माध्यमात घालते, तेव्हा ती चौथीतल्या गणिताचा विचार करत नसते. वीस वर्षांनंतरच्या मुलाखतीचा विचार करत असते. तिचा हिशेब संशोधकाच्या परीक्षेत मावत नाही, म्हणून चूक ठरत नाही. कायदाही तिच्याच बाजूचा आहे. प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम लादता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात दिला.

गोव्याने हा तिढा अनुदानाच्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला आणि हात पोळून घेतले. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना १९९० मध्ये ठरलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी हवं. चर्चच्या अनेक शाळा कोकणीकडे वळल्या. वीस वर्षांनी पालकांच्या संघटनेने माध्यम निवडायचा हक्क मागितला, दिगंबर कामत सरकारने २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मान्य केलं, आणि त्याविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पक्षाने सत्तेवर आल्यावर चर्चच्या शाळांपुरतं ते चालूच ठेवलं. या अनुदानाला विरोध करणारा भाषा सुरक्षा मंच आणि सरकार यांच्यातल्या भांडणात संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर यांना २०१६ मध्ये पदावरून जावं लागलं. या सगळ्या काळात कोणत्या माध्यमातलं मूल किती शिकलं, हा मुद्दा कोणाच्याच भाषणात फारसा आला नाही.

माहिती पालकांच्या हाती दिली तर? पाकिस्तानी पंजाबमधल्या ११२ गावांत तीन अर्थतज्ज्ञांनी हे करून पाहिलं. निम्म्या गावांत प्रत्येक मुलाचे आणि गावातल्या प्रत्येक शाळेचे गुण छापून घरोघरी वाटले. एवढ्यानेच खासगी शाळांची फी सरासरी सतरा टक्क्यांनी उतरली, गुण वाढले, शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्याही थोडी वाढली. सरकारी शाळांतली मुलंसुद्धा सुधारली. मी वाचलेल्या सगळ्या प्रयोगांत पैशाच्या मानाने एवढं फळ देणारा दुसरा आठवत नाही. महागड्या व्हाउचरपेक्षा एक छापील कागद कामी आला. आपल्याकडे मूल्यमापन चाचण्या होतात, शाळांची श्रेणीही ठरते, पण घराजवळच्या चार शाळांत तिसरीतली किती मुलं दोन ओळी वाचू शकतात, हे सांगणारा कागद पालकाच्या हातात कोणी ठेवत नाही.

पंचवीस टक्क्यांच्या आरक्षणाला एक वेगळी बाजूही आहे, गुणपत्रिकेत न दिसणारी. दिल्लीत सवलतीत जमीन घेतलेल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलं घ्यावी लागली. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं. पळण्याची वेळ आधी नोंदवलेली. जिंकलं तर बक्षीस ५०, २०० किंवा ५०० रुपये. गरीब मुलगा जास्त वेगाने पळणारा असूनही त्याला डावलून हळू पळणाऱ्या श्रीमंताला घेणारे कितीतरी निघाले, विशेषतः बक्षीस कमी असताना. पण ज्या वर्गांत गरीब मुलं आधीपासून सोबत शिकत होती, तिथे असं डावलणं कमी होतं. ती श्रीमंत मुलं देणगी द्यायलाही जास्त तयार होती. गुणांचं नुकसान म्हणाल तर इंग्रजीत किंचित घट. शिव्या थोड्या वाढल्या, हेही राव यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. शिव्या कोणाच्या बाजूने आल्या, याबद्दल मला शंका आहेच.

आता महाराष्ट्रातली प्रत्यक्ष वाट पाहू. अर्ज भरताना नकाशावर घराच्या जागी एक फुगा टेकवावा लागतो. तो जास्तीत जास्त पाचच वेळा हलवता येतो. फुगा पलीकडच्या गल्लीत पडला की अंतर बदलतं आणि पडताळणीत प्रवेश जातो. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची. दहा शाळा निवडता येतात. आर्थिक दुर्बल गटासाठी लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, नाहीतर जातीचा दाखला, शिवाय राहण्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार. झोपडपट्टीतला घरमालक तो करून देईल अशी कल्पना फक्त मंत्रालयात सुचू शकते. नेट कॅफेवाला शे-दोनशे रुपयांत हे सगळं करून देतो. म्हणजे योजनेचा दरवाजा ओलांडायला थोडं शिक्षण, थोडे पैसे आणि बरीच चिकाटी लागते. छत्तीसगडमध्ये मॉरिसिओ रोमेरो आणि अभिजीत सिंह यांनी अशाच सोडतीचा अभ्यास केला. जागा मिळालेल्यांपैकी साधारण चारांतली तीन मुलं ती मिळाली नसती तरी खासगी शाळेतच गेली असती. सोडतीने त्यांना थोडी महाग शाळा मिळाली आणि आईवडिलांची फी वाचली. ही मदतच आहे, पण सर्वांत तळाच्या मुलापर्यंत ती पोचत नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्याने २०२२ मध्ये सगळ्याच मुलांना खासगी शिक्षणावर खर्च करण्यासाठी सरकारी पैशाचं खातं उघडून दिलं, तेव्हाही सुरुवातीचे बहुसंख्य अर्जदार आधीच सरकारी शाळेबाहेरचे होते.

शाळांच्याही तक्रारी आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. प्रतिपूर्ती मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये, कैक वर्षं न वाढलेली, आणि तीही वेळेवर नाही. थकबाकी शेकडो कोटींची. पैसे न आल्यावर छोटी शाळा त्याचा राग मुलावर काढते. कुठे वेगळी तुकडी, कुठे सहलीतून वगळणं. श्रीमंत संस्थांनी वेगळी वाट काढली. २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी अल्पसंख्याक संस्थांना या कलमातून वगळलं, त्यानंतर अल्पसंख्याक दर्जा मिळवण्याची धडपड वाढली. आणि आठवी झाली की कायद्याचं छत्र संपतं. आठ वर्षं ज्या वर्गात वाढलं, त्याच वर्गात नववीला राहायचं तर पूर्ण फी. ही मुलं तेव्हा कुठे जातात?

मागे राहिलेल्या शाळांचं चित्र सर्वांना ठाऊक आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून जास्त शाळा राज्यात मोजल्या गेल्या, त्यांच्यासाठी समूहशाळांची योजना आली. आंध्रात मागे राहिलेल्यांचं नुकसान झालं नाही हे खरं, पण तिथे चार वर्षांत वर्ग बंद पडले नव्हते. वाडीवरची शाळा बंद झाली की त्या मुलासाठी निवडीचा हक्क पाच किलोमीटर लांब जातो. आणि तरीही शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या झेडपी शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली, खेड तालुक्यातली बंद पडायच्या बेतात असलेली जालिंदरनगरची शाळा २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार घेऊन आली. तिथे कुठलंही व्हाउचर नव्हतं. शिक्षक आणि गाव यांनी शाळा बदलली, तेव्हा पालकांनी निवड बदलली.

माझं मत यातून असं बनलं आहे. पालकांची निवड ही मुलाच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी बदलू शकते: शाळेत टिकणं, इंग्रजी, सोबती, आत्मविश्वास. गणित आणि वाचन आपोआप सुधारत नाही. ते सुधारलं तिथे शाळेला मुलं निवडायला मनाई होती, गरीब मुलामागे पैसा जास्त होता आणि न शिकवणाऱ्या शाळेवर कोणीतरी कारवाई करत होतं. त्यामुळे पंचवीस टक्के टिकवावेत, वेळेवर पैसे देऊन आणि दहावीपर्यंत वाढवून. पण त्यांना शिकण्याची योजना समजू नये, ती सोबत बसण्याची योजना आहे. शिकण्याची योजना झेडपीच्या वर्गातच करावी लागेल.

आणि एक मागणी. महाराष्ट्रात दरवर्षी लाखो मुलांच्या नावांची सोडत निघते. कोणाची चिठ्ठी निघाली, कोणाची नाही, हे सरकारकडे आहे. प्रत्येक मुलाचा ‘सरल’ या सरकारी नोंदप्रणालीतला क्रमांक आहे, पुढे ते कोणत्या शाळेत गेलं हेही आहे. आंध्रातल्या अभ्यासकांना जे चार वर्षं खर्चून उभं करावं लागलं, ते आपल्या शिक्षण आयुक्तालयात दरवर्षी आयतं तयार होतं. नावं झाकून ही माहिती विद्यापीठांना द्यावी आणि जिंकलेल्या-हरलेल्या दोन्ही गटांची तिसरी, पाचवी आणि नववीत एकेक चाचणी घ्यावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेसं आहे. पुढच्या सोडतीच्या आधी ते निघू शकतं.